मिरजेचा तंबोरा, खाँसाहेब आणि आपल्या मंडळाचं कपाट



गणेशोत्सवाच्या तालमीला नुऐमियात आमच्या घरी बारा-पंधरा जण जमले होते. चहा झाला, पोहे झाले आणि नेहमीप्रमाणे तालीम सोडून वाद सुरू झाला. आपल्यातला कीबोर्ड वाजवणारा कॉलेजकुमार वडिलांच्या मागे लागला होता की त्याला जुन्या धर्तीचा मॉड्युलर सिंथेसायझर हवा आहे. म्हणजे लाकडी कपाटासारखी चौकट, तीत वेगवेगळे विभाग, आणि एका विभागातून दुसऱ्यात खुपसायच्या वायरी. किंमत विचारल्यावर वडिलांच्या हातातली बशी थरथरली.

त्यांचं बरोबरच होतं. अमेरिकेतल्या मूग कंपनीनं २०१५ साली आपलं १९७० च्या दशकातलं सिस्टिम ५५ हे मॉडेल पुन्हा बनवायला घेतलं. जुनीच रेखाचित्रं, हातानं डाख दिलेले सर्किट बोर्ड, नग फक्त ५५. किंमत ३५,००० डॉलर, म्हणजे जवळपास १,२८,५०० दिरहम! आणि पुढच्याच वर्षी त्याच कंपनीनं आपलं लहान भावंड, मॉडेल १५, आयपॅडच्या ॲपच्या रूपात ३० डॉलरला विकायला काढलं. वडिलांचा मुद्दा सरळ होता. अरे, तीस डॉलरमध्ये मिळतंय ते सव्वा लाखाला कशाला?

आम्ही मोठी मंडळी त्यांच्या बाजूनं माना डोलावत होतो. तेवढ्यात तो मुलगा माझ्याकडे वळला. गेले सहा महिने माझ्या मुलीसाठी मी मिरजेहून तंबोरा मागवू की नको या विचारात आहे, हे त्याला ठाऊक होतं. तंबोऱ्याचं ॲप फोनवर फुकट असताना दादा तुम्ही कशाला पैसे घालवताय, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मी सांगलीचा. वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, म्हणजे चार वर्षं सांगली-मिरज रस्त्यावर काढली. मिरज म्हणजे माझ्यासाठी रेल्वे जंक्शन आणि दवाखाने. सतारमेकर गल्लीत मी त्या चार वर्षांत एकदाही पाऊल टाकलं नाही! ते उत्तर शोधताना मी ज्या माणसाच्या आयुष्यापाशी पोचलो, त्याची गोष्ट आज सांगणार आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत नुसतं खाँसाहेब म्हटलं की बऱ्याच घरांत तेच समजायचे.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. किराणा घराणं हे नाव या गावावरून पडलं. (लहानपणी मला वाटायचं, वाण्याच्या दुकानाशी काही संबंध असेल!) घरात पिढ्यान् पिढ्या गाणं आणि वादन. वडील काले खाँ, आणि शिकवायला काका अब्दुल्ला खाँ आणि नन्हे खाँ. करीम गळ्यावर तयार झालाच, पण बीन आणि सारंगीवरही त्याचा हात बसला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण हा गवई वाद्याकडे नुसतं साथीचं सामान म्हणून कधीच पाहणार नव्हता.

तरुणपणी धाकटा भाऊ अब्दुल हक याच्यासह ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी गायक झाले. तिथेच त्यांच्या आयुष्यानं मोठं वळण घेतलं. सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. दोघांचं मन जुळलं. एक मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी, काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. बडोद्यात राहणं शक्यच नव्हतं. दोघांनी बडोदा सोडलं आणि मुंबई गाठली. मानाची नोकरी गेली, आणि खाँसाहेब महाराष्ट्राचे झाले ते कायमचे.

पुढे ते मिरजेला आले. असं सांगतात, की त्या सुमारास प्लेगची साथ होती, खाँसाहेब स्वतः आजारी पडले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांनी गाऊन सेवा केली. ते बरे झाले, आणि तेव्हापासून ही जागा त्यांची झाली. दर वर्षी उरुसाला ते तिथे हजेरी लावत. त्यांच्या स्मृतीनिमित्त उरुसात दर्ग्याच्या आवारात आजही संगीतसभा होते. मोठमोठे कलाकार तिथे सेवा म्हणून गाऊन जातात.

आता मिरजेविषयी थोडं. हे गाव गाण्याचं होतंच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत, आणि त्यांच्याकडे शिकून विष्णु दिगंबर पलुस्कर बाहेर पडले. पण त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे इथले वाद्यकार. मूळचे हे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारं घडवणारे. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली. लोखंडाला धार लावणारे हात भोपळ्यावर आणि लाकडावर चालू लागले. आज त्यांच्या पुढच्या कितीतरी पिढ्या हेच काम करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सांगलीकर म्हणून छाती जरा फुगली खरी!

तंबोरा म्हणजे काय, हे मला इंजिनिअर असूनही नीट ठाऊक नव्हतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा कडू भोपळा, तो वाळवून कापायचा. त्याला लाकडी गळा आणि दांडी. चार तारा: एक पंचमाची, दोन जोडाच्या षड्जाच्या, एक खर्जाची. पडदे नाहीत, सुरावट वाजवायची नाही. नुसत्या चार तारा एकामागून एक छेडायच्या. मग यात एवढं अवघड काय?

अवघड आहे ती जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी सौम्य बाक असतो. तार थरथरताना त्या बाकाला हलकेच घासत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की आवाज एकदम उघडतो, झंकारतो. यात घडतं असं, की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे सूरही ठळक होऊन ऐकू येऊ लागतात. पाचवा सूर म्हणजे गंधार. खर्जाची तार नीट लागली की कोणीही न छेडलेला गंधार तंबोऱ्यातून आपोआप निघतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. आपल्या हार्मोनियमवरचा आणि कीबोर्डवरचा गंधार त्याहून थोडा चढा असतो, साधारण १४ सेंटनं. (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर.) फरक छोटा आहे, पण तंबोऱ्यात बसलेल्या कानाला तो खड्यासारखा लागतो.

इथे मला आमच्या कीबोर्डवाल्या मुलाचं म्हणणं पहिल्यांदा कळलं. त्याच्या त्या मॉड्युलर यंत्रातही एक विभाग भरपूर उपस्वर असलेला आवाज तयार करतो आणि दुसरा विभाग त्यातले नको ते गाळतो. तापमान बदललं की जुन्या पद्धतीच्या त्या यंत्राचा सूर सरकतो आणि तो परत लावावा लागतो. आपल्याकडे एसीमुळे तंबोरा उतरतो, अगदी तसंच! विजेच्या त्या कपाटात आणि भोपळ्याच्या या वाद्यात मला वाटलं होतं तेवढं अंतर नाही.

खाँसाहेबांकडे परत येऊ. त्यांच्या गाण्याचं सगळं मर्म सुरात होतं. आवाज बारीक, धारदार पण गोड, आलापी संथ. एकेका सुरावर ते असे थांबत, की ऐकणाऱ्याला काळाचं भान राहत नसे. असं गाणं बेसूर तंबोऱ्यावर होऊच शकत नाही. म्हणून तंबोरे लावण्यात त्यांचा वेळ जाई आणि त्याचा त्यांना कंटाळा नसे. वाद्यं दुरुस्त करण्यातही त्यांचा हात चांगला होता. जवारी काढणं, तारा बदलणं ही कामं स्वतः करायला त्यांना कमीपणा वाटत नसे. बडा उस्ताद हातात कानस घेऊन घोडी घासतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. गमतीचीही एक गोष्ट आहे. टिपूमियाँ नावाच्या कुत्र्याला त्यांनी सुरात सूर मिसळायला शिकवलं होतं म्हणे!

पण कोणी समजू नये की खाँसाहेब जुन्यालाच कवटाळून बसले होते. उलट! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे बावीस श्रुतींचं गणित मांडत होते. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० साली निघालं. साताऱ्याचे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांच्या बरोबर आले. श्रुती मोजायच्या तर खरा सूर लावणारा गळा हवा, आणि तो खाँसाहेबांनी दिला. एक परंपरागत उस्ताद सरकारी अधिकाऱ्यांसमोर बसून आपला सूर मोजू देतो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. या मंडळींनी बावीस श्रुतींची खास हार्मोनियमही लंडनहून बनवून घेतली. म्हणजे महागड्या खास वाद्याचा नाद आजच्या पोरांचाच आहे असं नाही! १९१६ च्या बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या श्रुतींवरून मोठा वाद झाला. पंडित भातखंडे विरोधात होते. ती श्रुती-हार्मोनियम काही रुळली नाही. तंबोरा मात्र होता तिथेच राहिला.

म्हैसूरच्या दरबारातही खाँसाहेब जात. तिथे त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं, त्यागराजांच्या रचना शिकून गायल्या, आणि सरगम गाण्याची तिकडची रीत आपल्या गाण्यात आणली. घराण्याची अब्रू म्हणजे दारं बंद, असं मानणाऱ्या काळात हा माणूस दारं उघडत होता.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मुलांना घरी ठेवून घ्यायचं, जेवूखाऊ घालायचं आणि हातचं न राखता शिकवायचं. पैशाची कायम ओढाताण. शाळा चालवायला गावोगाव जलसे करायचे. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, त्यांचेच शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशनआरा बेगम हेही त्यांचेच. कपिलेश्वरीबुवांनी पुढे गुरूंचं मोठं चरित्र लिहिलं.

आणि मग घर मोडलं. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. दोन मुलगे, तीन मुली. आईनं मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, सकीनाच्या सरस्वती राणे. महाराष्ट्रानं ज्यांच्यावर जीव ओवाळला ती ही भावंडं. प्रभा अत्रे सुरेशबाबू आणि हिराबाईंकडेच शिकल्या. पण त्या सगळ्या कौतुकात वडिलांचं नाव त्यांच्या नावापुढे नव्हतं. खाँसाहेबांना याचं काय वाटलं असेल, ते आपण नुसतं ताडू शकतो. सूर मात्र गेला नाही. पाचही मुलांच्या गळ्यात तो राहिला, आणि नाव बदलून सूर बदलत नाही हे लोकांनी ऐकलं. आपल्यापैकी जे मुलांना इकडे परदेशात वाढवतायत, त्यांना ही गोष्ट जरा जास्तच लागेल.

आता माझ्या प्रश्नाला सर्वात जवळची गोष्ट. खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रणाला नाक मुरडलं नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या, आणि १९३० च्या दशकात ओडियन कंपनीनं काढलेल्या तबकड्या घरोघर गेल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर आलापी करणाऱ्याला तीन मिनिटांत गाणं मांडायचं! पण झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी एका कानडी मुलानं ऐकली आणि तो वेडा झाला. गाणं शिकण्यासाठी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घर सोडून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

म्हणजे बघा, ती तबकडी त्या काळचं ॲपच होतं! स्वस्त नक्कल, कुठेही वाजवता येणारी. ती नसती तर भीमसेनांना खाँसाहेब ऐकू आलेच नसते. म्हणून नकलेला मी नावं ठेवणार नाही. पण भीमसेन तबकडीपाशी थांबले नाहीत. गुरू शोधत ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत वणवण केली आणि शेवटी खाँसाहेबांच्याच शिष्यापाशी, सवाई गंधर्वांपाशी, येऊन बसले. तबकडीनं ओढ लावली, मेहनत स्वतःच करावी लागली.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेकडे दौऱ्यावर होते. तिथून पाँडिचेरीला, अरविंदांच्या आश्रमात जायचं होतं. वाटेत गाडीतच त्यांना बरं वाटेनासं झालं. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण टाकलं. शिष्यांनी सांगितलेली हकीकत अशी, की त्यांनी तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारीत प्रार्थना गात गात त्यांनी प्राण सोडला. तारीख २७ ऑक्टोबर. पासष्ट पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले होते. देह मिरजेला आणला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केला.

त्या फलाटावर डॉक्टर नव्हता, घरचं माणूस नव्हतं, पण तंबोरा होता. तो लावता येणारे हातही होते.

तर मंडळी, आता हिशेब. मिरजेहून मला कळलेली किंमत साधारण एका चांगल्या फोनएवढी आहे. फोन आपण दोन-तीन वर्षांनी बदलतो, तंबोरा नातवंडांपर्यंत टिकतो. तेव्हा किंमत जास्त आहे असं मला आता वाटत नाही. पण खरी अडचण दुसरीच आहे. ॲपमध्ये तंबोरा आधीच लागलेला असतो. बऱ्याच ॲपमध्ये आवाज खऱ्या तंबोऱ्याचाच असतो, म्हणजे कोणीतरी आपल्या कानानं, आपल्या हातानं तो लावलाय आणि आपण आयता ऐकतो. खरा तंबोरा रोज लावावा लागतो. खुंटी पिळा, मणी सरकवा, दोरा हलवा, पुन्हा ऐका. या पंधरा-वीस मिनिटांत कान तयार होतो, आणि पैसे मोजायचे ते या पंधरा-वीस मिनिटांसाठी. ते द्यायचे नसतील तर मिरजेचा तंबोरा दिवाणखान्यातली शोभेची वस्तू आहे आणि ॲप शंभर पटींनी बरं. सिंथेसायझरचंही तेच. वायरी काढून-घालून आवाज कसा बनतो हे रात्र रात्र बसून शोधणाऱ्यासाठी तो कदाचित महाग नाही. फोटो काढून ठेवणाऱ्यासाठी तीस डॉलरसुद्धा जास्तच! अर्थात सव्वा लाख दिरहम कोणाच्या वडिलांकडे आहेत हा प्रश्न उरतोच. त्या मुलानं आधी ॲप घेऊन त्यात खरोखर किती रात्री जातात ते बघायचं ठरवलंय. वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला.

आणि माझं? मी मिरजेला फोन केला, पण तंबोरा मागवला नाही. तारांचा एक संच आणि जवारीचा दोरा मागवला. कारण बायकोनं आठवण करून दिली, अहो, मंडळाच्या कपाटात थर्मोकोलच्या मखरामागे एक तंबोरा आहे ना? खरंच होता! कोणीतरी मायदेशी परतताना मंडळाला दिलेला. दोन तारा तुटलेल्या, खुंट्या घट्ट बसलेल्या, पण भोपळा धड. कित्येक कार्यक्रम आपण फोनवरच्या तंबोऱ्यावर काढले आणि हा बिचारा मखरामागे उभा होता. तो लावता येणारा आपल्यात कोणी उरला नव्हता, एवढंच.

आम्ही बापलेक तो घरी घेऊन आलोय. पहिल्या दिवशी एक तार आम्ही तोडली. आठवड्यानंतर जोडाच्या तारा जुळल्या. परवा रात्री खर्ज लावता लावता मुलगी एकदम थांबली आणि म्हणाली की बाबा, यात कोणीतरी ग म्हणतंय. मी फोन बंद केला, खोलीतला एसी बंद केला आणि दोघं ऐकत बसलो. मला तो ऐकू यायला आणखी दोन दिवस लागले!

नवा तंबोरा आम्ही घेऊ, पण हा रोज लावता यायला लागल्यावर. पुढच्या शनिवारी संध्याकाळी ज्यांना हात लावून बघायचा असेल त्यांनी आमच्याकडे या. मुलांना आणा. ज्यांना तंबोरा लावता येतो त्यांनी तर नक्कीच या, आम्हाला शिकवा. चहा-पोह्यांची सोय आहेच.

चूकभूल द्यावी घ्यावी.